मधली वाट

काही वस्तूंच्या वाट्याला कौतुक म्हणून कधी येतच नाही. विहिरीचे पाणी गोड लागले, तर लोक विहिरीला नावाजतात. फार तर ती खोदणाऱ्या आजोबांना. दोराची आठवण होते ती तो तुटून घागर तळाला गेल्यावर. टेलिव्हिजनच्या पाठीमागून निघून खिडकीच्या फटीतून छपराकडे जाणारी काळी वायर ही याच जातीतली. सेटची किंमत सगळ्या गल्लीला ठाऊक असते. छपरावरची पांढरी थाळी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. या दोघांच्या मधले सगळे काम जी करते, ती मात्र धूळ खात भिंतीला चिकटून असते.

या वायरीवर मी लिहिणार आहे असे कळताच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "दिवाळी अंकात लोक चंद्रावर लिहितात, नाहीतर पारिजातकावर. तुम्ही वायरीवर लिहा!" त्यांचे म्हणणे अगदीच गैर नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस. एका लहानशा खासगी शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विजेचे शास्त्र माझे नव्हे. पण यंदाच्या भाद्रपदात या वायरीने आमच्या घरी जे घडवले, त्यानंतर तिच्याविषयी चार शब्द लिहिले नाहीत, तर तो कृतघ्नपणा होईल.

आमचे पहूर म्हणजे अजिंठ्याहून जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली वाघूर गावाजवळून वाहते. पाचोरा ते जामनेर धावणारी लहान मापाची 'पीजे' गाडी आमच्या स्टेशनवर थांबत असे. २०२० साली ती बंद झाली आणि तिचा रूळ मोठा करण्याचे काम निघाले. गावात केळी आहे, कपाशी आहे, आणि छपराछपरावर थाळ्या आहेत. गच्चीवर उभे राहिले, की या साऱ्या थाळ्या दक्षिण आणि पूर्व यांच्यामधल्या आग्नेय दिशेकडे माना वर करून बसलेल्या दिसतात. आमच्या घरची थाळी दूरदर्शनच्या 'फ्री डिश'ची. तिचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे, आणि पहूरहून पाहिले तर तो नेमका त्याच कोपऱ्यात येतो. आग्नेय ही चुलीची दिशा असे आई म्हणते. आता तिथून करमणूकही येते.

थाळ्या येण्याआधीचा काळ माझ्या पिढीने पाहिला आहे. १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्या गल्लीत सेट एकच. त्या घराच्या छपरावर वीस फुटी लोखंडी नळ, आणि नळाच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा अँटेना. हा काटा जपानातल्या यागी आणि उदा या दोन प्राध्यापकांनी १९२६ साली शोधला, हे मला फार पुढे कळले. तेव्हा एवढेच ठाऊक होते, की त्याच्यावर कावळा बसला की राम दिसेनासा होतो. एक मुलगा छपरावर, एक खिडकीत, आणि आत पन्नास माणसे.

"आलं का?"

"आलं, आलं... गेलं! मागे फिरव!"

त्या काळी अँटेनापासून सेटपर्यंत येत असे ती चपटी, फितीसारखी वायर. तिच्या दोन कडांतून दोन तारा गेलेल्या, आणि मध्ये नुसता प्लॅस्टिकचा पदर. तिचा स्वभाव मोठा हळवा. ती पत्र्याला टेकली की चित्र बिघडे, भिजली की बिघडे, नळाला गुंडाळली तर विचारूच नका. कधी रामाच्या पाठीशी आणखी एक पुसट राम उभा राही. म्हाताऱ्या बाया त्यालाही हात जोडत. आता समजते, की लाट काही तारेच्या पोटातून जात नाही. ती तारांच्या भोवतालच्या मोकळ्या जागेतून जाते. चपट्या वायरीची ही जागा उघडीवाघडी असते. शेजारी लोखंड आले की लाट थबकते आणि थोडी माघारी उसळते.

हा दोष नाहीसा केला तो गोल वायरीने. ती आतून कशी असते हे पाहायचे, तर आपल्या खानदेशात केळीचा खांब आडवा कापावा. मधोमध गाभा, आणि त्याच्याभोवती एकात एक गुंडाळलेले पदर. वायरीचा गाभा म्हणजे तांब्याची एक तार. तिच्याभोवती पांढऱ्या फेसासारख्या प्लॅस्टिकचा जाड थर. त्यावर ॲल्युमिनियमचा वर्ख, वर्खावर बारीक तारांची विणलेली जाळी, आणि सर्वांवर काळी साल. गाभा आणि जाळी यांचा अक्ष एकच, म्हणून इंग्रजीत ती 'कोॲक्सिअल' झाली. लाट गाभा आणि वर्ख यांच्यामधल्या पांढऱ्या थरातून जाते. बाहेर पत्रा असो की पाऊस, तिला त्याची गंधवार्ता नसते.

ही युक्ती कोणाची, याची मला मोठी उत्सुकता होती. शोध घेतला आणि मन प्रसन्न झाले. ऑलिव्हर हेविसाइड नावाचा एक इंग्रज, जन्म १८५० चा. घरची गरिबी, लहानपणीच्या आजाराने कान अधू, आणि सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली. काही वर्षे तारेच्या कचेरीत नोकरी केली, मग तीही सोडली आणि घरी बसून एकट्याने गणित शिकला. एका तारेभोवती दुसरी नळीसारखी घेण्याच्या कल्पनेचे पेटंट त्याने १८८० साली मिळवले. पुढे १९२९ साली अमेरिकेत एस्पेनशिड आणि ॲफेल या दोघांनी तिला टेलिफोन आणि टेलिव्हिजनच्या कामाचे रूप दिले. पण मूळ पुरुष हा शाळा सुटलेला! मॅट्रिकवर थांबलेल्या माणसाला अशा गोष्टींचा किती आधार वाटतो, हे पदवीधरांना कळायचे नाही.

आता भाद्रपदाकडे वळतो.

माझ्या आईच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन चैत्रात झाले. तेव्हापासून तिची संध्याकाळ टेलिव्हिजनपुढे जाऊ लागली: सातच्या बातम्या, मग कुठे कीर्तन असले तर कीर्तन. वडील गेल्यापासून घरात बोलायला तिला दुसरे कोण? आम्ही दोघे आपापल्या कामात, मुले अभ्यासात. भाद्रपद लागला आणि तिने सेट लावणे हळूहळू कमी केले. विचारले तर म्हणे, "कंटाळा आला रे. त्याच त्या बातम्या." जपमाळ घेऊन ती ओसरीवर बसू लागली. वय झाले की माणसाची गोडी ओसरते, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली.

एके दिवशी धाकट्याने क्रिकेटसाठी सेट लावला, तेव्हा खरा प्रकार उघडकीला आला. चित्र मध्येच गोठे, त्याचे चौकोन चौकोन होत, आवाज तुटे. शेजारच्या एका दुकानदाराने न पाहताच सांगितले, "डबा गेला. नवा घ्या. सेटही जुनाच आहे म्हणा." दोन्ही मिळून आकडा माझ्या पगाराच्या मानाने छातीत धडकी भरवणारा होता. तेवढ्यात सौभाग्यवतींना आप्पांची आठवण झाली.

आप्पा गावातले जुने केबलवाले. वय सत्तरीकडे झुकलेले. १९९० नंतर गावोगाव केबल आली, तेव्हा खांबाखांबावरून, झाडाझाडावरून वायर नेणारे ते पहिले. पुढे सरकारच्या कायद्याने मार्च २०१७ पर्यंत सगळी केबल डिजिटल झाली. धंदा मोठ्या कंपन्यांकडे गेला, आणि आप्पा खांद्यावर पिशवी टाकून किरकोळ दुरुस्त्या करू लागले.

आल्याबरोबर त्यांनी सेटकडे पाहिलेसुद्धा नाही. ओसरीवर बसून पहिला प्रश्न केला, "पाऊस कधी थांबला, गुरुजी?"

"परवा."

"आणि चित्र आजही तुटतंय. मग डबा नाही गेला. पावसात चित्र जातं ते आभाळामुळे. पाऊस ओसरला की अर्ध्या तासात परत येतं. दोन दिवस ऊन पडूनही येत नाही, म्हणजे पाणी वाटेत अडकलंय."

मी त्यांच्यामागून शिडी चढलो. थाळीच्या पुढे जो लहानसा डबा असतो, त्याला एलएनबी म्हणतात. उपग्रहाची लाट तो पकडतो, वाढवतो आणि खाली धाडतो. आप्पांनी त्याच्या बुडाचा कनेक्टर फिरवला, तर तो हाताच्या दोन बोटांनी सुटला. आतली जाळी हिरवी पडली होती आणि वर्ख पिठासारखा झडत होता. वायर सरळ वरून खाली आलेली, म्हणून पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत थेट खिडकीतून आत शिरे. आणि कोणा घाईच्या माणसाने वाटेत दोन ठिकाणी वायर तोडून, पिळून, वर टेप गुंडाळला होता.

"हे पाहा," आप्पा म्हणाले, "ठिबकच्या नळीला मध्येच बारीक नळी जोडली तर काय होतं? पाणी तटतं. तसंच हे. ही वायर पंच्याहत्तर ओहमची. सुरुवातीपासून शेवटापर्यंत तिचं माप एकच पाहिजे. पिळलेल्या जागी माप बिघडतं, आणि लाट तिथून माघारी फिरते."

मला वाटत होते, की सगळ्या काळ्या वायरी सारख्याच. आप्पांच्या पिशवीतून एक लोहचुंबक निघाले. त्यांनी ते आमच्या जुन्या वायरीच्या गाभ्याला लावले, तर टचकन चिकटले. वरून तांब्याचा मुलामा, आतून पोलाद! ही लबाडीच की, असे मी म्हणालो. ते हसले. "सगळीच लबाडी नाही. इतक्या वेगाची लाट तांब्याच्या कातडीतूनच जाते, आत शिरत नाही." पुढे वाचले तेव्हा कळले, की सेकंदाला शंभर कोटी कंपने असली, तर ही कातडी मिलिमीटरचे दोन हजारांश एवढीच जाड असते. "पण त्या एलएनबीला वीज लागते, तेरा नाहीतर अठरा व्होल्ट. ती याच वायरीतून डब्याकडून वर जाते. तिला पोलाद जड पडतं. लांबचा पल्ला असला की अस्सल तांबंच घ्यावं." एकाच वायरीतून चित्र खाली उतरते आणि वीज वर चढते, हे ऐकून मी थक्क झालो.

त्यांनी 'आरजी-सिक्स' जातीची वीस मीटर वायर आणवली. जाळी दाट आहे ना, साल उन्हाने तडकणारी नाही ना, हे नखाने पाहिले. आमच्या खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. तिथे हलक्या सालीचा निभाव लागत नाही. या वीस मीटरांतही निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच सांडते, म्हणून ती एलएनबीत आधीच पुष्कळ वाढवून पाठवलेली असते. पण वाटेतला प्रत्येक कच्चा जोड आणखी थोडी खातो.

मग त्यांनी कनेक्टर बसवला. तो पाहण्यासारखा होता. पात्याने साल अशी कापली, की जाळीच्या एका तारेलाही ओरखडा नाही. जाळी सालीवर उलटी दुमडली. भिंगातून पाहून एक केसाएवढी तार गाभ्याकडे झुकली होती, ती चिमट्याने मागे सारली. "ही एक तार गाभ्याला टेकली, की सगळा खेळ खलास." पांढरा थर कनेक्टरच्या आतल्या बुडाशी बरोबर सपाट, गाभ्याची तार काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर. या कनेक्टरला वेगळी पिन नसते. वायरीचा गाभाच पिन होतो, म्हणून तो वाकडा किंवा आखूड चालत नाही. क्रिंपरने एकदा दाबले, ओढून पाहिले. एलएनबीवर हाताने आवळले आणि पान्याने जेमतेम एक हिसका दिला. त्यावर रबराची टोपी. वायर खिडकीत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाशीच टपकून जाते. वळण कुठे काटकोनात नाही. चांगले वीतभर गोल. शेवटी थाळीच्या खांबाला तांब्याची तार लावून ती घराच्या अर्थिंगला जोडली. "वीज कडाडली तर तिलाही वाट पाहिजे, गुरुजी. आपण दिली नाही, तर ती आपली शोधते."

खाली येऊन सेट लावला. चित्र स्वच्छ, स्थिर. आई दारात उभी होती. तिने आधी दोन्ही डोळ्यांनी पाहिले. मग डाव्या डोळ्यावर हात ठेवून नुसत्या उजव्याने पाहिले. बराच वेळ पाहिले. आणि म्हणाली, "म्हणजे डोळा शाबूत आहे तर!"

कोणाला काही उमगेना. मग ती हळूहळू बोलली. पडद्यावरचे ते चौकोन तिला वाटले, की तिच्या डोळ्यातच आले आहेत. ऑपरेशन वाया गेले, पुन्हा अंधार येणार. पुन्हा खर्च, पुन्हा जळगावच्या खेपा, पुन्हा सगळ्यांची रजा. त्यापेक्षा न पाहिलेले बरे, म्हणून तिने सेट लावणे सोडले होते. महिनाभर ती हे मनात घेऊन जपमाळ ओढत बसली होती, आणि घरातल्या एकालाही तिने सुगावा लागू दिला नव्हता.

आप्पा पिशवी भरत होते. त्यांचे हात क्षणभर थांबले. "मावशी," ते म्हणाले, "पुढच्या वेळी चौकोन दिसले, तर आधी मला बोलवा. डोळ्याच्या डॉक्टरकडे मागून जा."

आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

मजुरी त्यांनी मागितली ती इतकी थोडी, की देताना मला संकोच वाटला. चहा घेताना ते थोडे मोकळे झाले. "आता हे सगळं चाललं, गुरुजी. गावात फायबर आलंय. काचेचा धागा, त्यातून उजेड जातो. नातू म्हणतो, आबा, तुमचं तांबं आता भंगारात. इतकी वर्षं जोड मारले; आता ते कोणाला पाहिजेत?"

यावर त्यांना सांगायला माझ्यापाशी एक खरी गोष्ट होती. २०११ च्या सप्टेंबरात युरोपातल्या शास्त्रज्ञांनी जगाला हादरवले. जिनिव्हाजवळून सोडलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरांवरच्या इटलीतल्या प्रयोगशाळेत प्रकाशाहूनही लवकर पोहोचतात, असे त्यांच्या मोजमापात आले. फरक एका सेकंदाच्या अब्जांश भागांपैकी साठ भागांचा. आइन्स्टाइन खोटा पडतो की काय, अशी चर्चा सुरू झाली. काही महिन्यांनी कारण सापडले. घड्याळाला वेळ पुरवणाऱ्या फायबर केबलचा कनेक्टर नीट आवळलेला नव्हता!

आप्पांनी बशी खाली ठेवली. "काचेच्या धाग्याचा कनेक्टर?"

"काचेच्याच."

"म्हणजे त्यांच्याकडेही कोणीतरी हाताने ओढून पाहायला हवा होता," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले.

मला वाटते, नवे आले म्हणून जोड संपत नाहीत. फक्त त्यांची तऱ्हा बदलते. चौकातल्या कॅमेऱ्यांच्या वायरीला लागतो तो 'बीएनसी' कनेक्टर जुन्या बल्बसारखा दाबून फिरवायचा. त्याच्या नावात नील आणि कॉन्सेलमन या दोन इंजिनिअरांची आद्याक्षरे आहेत. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांनी रेडिओ दुर्बीण उभारली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, पंचवीस किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या. आकाशगंगांतल्या हायड्रोजनची क्षीण कुजबुज त्या ऐकतात. तिथे थाळ्यांपासून मुख्य केंद्रापर्यंतची लांबची वाट काचेच्या धाग्याची आहे. तिथली कामे आप्पांनी कधी पाहिलेली नाहीत. पण त्या कुजबुजीलाही जोडाजोडातूनच जावे लागते.

दसऱ्याच्या सुट्टीपूर्वी मी आप्पांना शाळेत बोलावले. मुख्याध्यापकांनी भुवया उंचावल्या. मराठीच्या तासाला वायरमन? मी म्हणालो, शुद्धलेखनच शिकवायचे आहे, फक्त वेगळ्या लेखणीने. सातवीच्या मुलांना आप्पांनी वायरीचे तुकडे वाटले आणि एकेक जोड करायला लावला. कोणाची जाळी गाभ्याला टेकली, कोणाचा गाभा आखूड झाला. एका मुलीचा जोड तेवढा नीट उतरला. आप्पांनी तो ओढून पाहिला, भिंगाखाली धरला आणि मान डोलावली.

मुलगी चौकस होती. तिने विचारले, "पण आप्पा, घरी बसवल्यावर जोड चांगला झाला हे कळतं कसं?"

"सोपं आहे, पोरी," आप्पा म्हणाले. "मला परत बोलवायला कोणी आलं नाही, की समजायचं चांगला झाला."

ते असे सहज म्हणून गेले, पण माझ्या मनात ते घर करून राहिले. ज्या कामाची पावती म्हणजे गावातली शांतता, ते काम करणाऱ्याच्या दारात आयुष्यभर कोणी आभार मानायला फिरकत नाही. फिरकतो तो तक्रार घेऊनच.

आमच्या घरातून भाद्रपदानंतर आप्पांना बोलावणे गेलेले नाही. ते आज जाणार आहे. आईने चकल्यांचा आणि अनारशांचा डबा स्वतःच्या हाताने भरला आहे. अनारशावरची खसखस तिला चष्म्यावाचून दिसते आहे, आणि तसे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेही आहे.